उषा मेहता यांचा भूमिगत रेडिओ गांधीविचारात बसतो का?

गिरगावकर: ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते मुंबईत पकडले गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ४२.३४ मीटर तरंगलांबीवरून, भारतात कुठून तरी बोलत असल्याचे सांगणारे हे केंद्र जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत चालले. आठव्या वर्षी सायमन कमिशनच्या निषेधात उतरलेल्या उषाताईंच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला, अरुणा असफअलींनाही तो दिला. सत्याग्रही कायदा मोडतो तो सर्वांदेखत. एकदा लपणे आले की सोबत्यांविषयी संशयही येतो, आणि हे केंद्र अखेर एका तंत्रज्ञाच्या फितुरीनेच पडले.

नागपूरकर: गिरगावकर, आपले तत्त्व मला मान्य आहे, पण ते कोणत्या परिस्थितीला लावायचे हेही पाहायला हवे. १९३० मध्ये दांडीला उचललेले मूठभर मीठ जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले, म्हणून त्या उघडेपणाला धार आली. १९४२ मध्ये छापायचीच बंदी होती. आमच्या विदर्भात १६ ऑगस्टला आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाले आणि त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांना हात लावायला वृत्तपत्रे धजत नव्हती. ती हकिकत, तसेच चितगाववरील बाँबहल्ला आणि जमशेदपूरचा संप, या रेडिओने लोकांपर्यंत नेला. उघड मार्ग कोणी अवलंबलाच नाही असेही नाही. गांधीजींचे आश्रमातील सहकारी प्रा. भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी साठाहून अधिक दिवस उपवास केला, याहून शुद्ध सत्याग्रह कोणता असेल? सरकारने त्या उपवासाची बातमी देण्यावरच बंदी घातली. जे सत्य उघडपणे सांगूच दिले जात नाही ते लपून सांगणे, याला मी असत्याचरण मानणार नाही.

वाचक_पुणे: छाप्यानंतरचे वागणेही या चर्चेत यायला हवे. धोक्याची चाहूल लागूनही उषाताई त्या रात्री प्रक्षेपणासाठी गेल्या, अनेक महिन्यांच्या चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही, आणि चार वर्षांची शिक्षा स्वीकारून त्या येरवड्यात गेल्या. शिक्षा चुकवण्यासाठी लपणारी व्यक्ती असे करत नाही.

गिरगावकर: वाचक_पुणे, आपण म्हणता तेच माझ्या मताला बळ देते, कारण त्यांचे सर्वांत तेजस्वी रूप दिसते ते लपणे संपल्यानंतरचे. नागपूरकर, भणसाळींचे उदाहरण मात्र मला अडवते, आणि त्याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही.

नागपूरकर: पुढे राज्यशास्त्र शिकवणाऱ्या आणि मुंबईतील मणिभवन या गांधी स्मारकाची धुरा वाहणाऱ्या उषाताईंनी गांधीविचार कधी सोडला नाही, तरी रेडिओचे ते दिवस त्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल मानत. त्यांना स्वतःला यात विसंगती दिसली नाही, हे आपण कसे नाकारणार?

गिरगावकर: नाकारत नाही. परंतु आपल्याच माणसाने घात केल्यामुळे तोच काळ त्यांना सर्वांत दुःखाचाही वाटे, आणि तेही त्यांनीच सांगितले आहे.