साखरपुड्यानंतर पुन्हा पॅरिस: यावेळी काय वेगळं करावं?

शेवंती_फुलली

आम्ही दोघं २०१७ मध्ये मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात पॅरिसला जाऊन आलो आहोत. आयफेल, लूव्र, नोत्र-दाम, पुलावरची कुलपं, सगळं ठरलेलं झालं. आता साखरपुडा झालाय आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघंच जायचा विचार आहे. लग्न झालेलं नसताना व्हिसाचा अर्ज एकत्र करता येतो का? तेव्हापासून तिथलं काय काय बदललंय? अंगठ्या दिसतील असे फोटो कुठे आणि किती वाजता काढावेत? आणि निवांत बसता येईल अशा जागा कुठल्या? आयफेलच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं नाही, एवढं नक्की.

झोळीवाला

अभिनंदन! शेंगेनच्या (फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाच्या) लेखी साखरपुड्याला किंमत नाही. दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज करायचे आणि प्रत्येकाने स्वतःची बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा जोडायचा. हॉटेलचं बुकिंग मात्र एकच आणि त्यावर दोघांची नावं. कव्हर लेटरमध्ये साखरपुडा झालाय, सोबत कोण येतंय आणि त्याचा पासपोर्ट नंबर काय, हे तीन-चार ओळींत लिहा. एकाचाच पैसा असेल तर तसं स्पष्ट लिहून त्याचं पत्र आणि त्याची स्टेटमेंट दुसऱ्याच्या फाइलला लावा. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की शंका घेतात, त्यामुळे ते टाळा.

फी माणशी ९० युरो, व्हिसा सेंटरचे पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण सुटीच्या मोसमात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. आधीच्या व्हिसाचे बोटांचे ठसे ५९ महिनेच चालतात, तेव्हा तुम्हाला ते परत द्यावे लागतील. मधे स्वित्झर्लंड वगैरे घुसवणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

आडनाव बदलायचं असेल तर पासपोर्टचं काम ट्रिप होईपर्यंत काढू नका. तिकीट एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या नावावर, हा घोळ विमानतळावर निस्तरत नाही.

अर्धा_चहा

बदललेलं बरंच आहे.

कुलपं गेली. २०१४ मध्ये पाँ देझार पुलाच्या कठड्याचा एक भाग वजनाने कोसळला आणि २०१५ मध्ये पालिकेने जाळ्या उतरवल्या, साधारण ४५ टन कुलपं निघाली. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा पाहिलेली कुलपं दुसऱ्या पुलांवरची असणार. नवीन लावू नका, पालिका कापून टाकते.

नोत्र-दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट. वेळ आरक्षित करायची सोय ऑनलाइन आहे, तीही फुकट, पण स्लॉट दोन-एक दिवस आधीच दिसतात. 'तिकीट' विकणारी कुठलीही साइट दिसली तर सरळ बंद करा. पाँपिदू हे आधुनिक कलेचं संग्रहालय सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३० पर्यंत. लूव्रचं तिकीट युरोपबाहेरच्यांना जानेवारी २०२६ पासून ३२ युरो झालंय.

मेट्रोचं दहा कागदी तिकिटांचं कार्ने विसरा. आता २ युरोचं नाविगो ईझी कार्ड घ्यायचं आणि त्यावर फेऱ्या भरायच्या. दोघांत एक कार्ड चालत नाही, पहिल्याने दाखवून दुसऱ्याकडे मागे दिलं तर तपासणीत दंड. आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच असतो, तुम्ही गुरुवारी उतरलात तर पैसे वाया. ओर्ली विमानतळावर आता १४ नंबरची मेट्रो थेट जाते.

सीमेवर पासपोर्टवर शिक्के मारणं संपलं. पहिल्या प्रवेशाला फोटो आणि ठसे घेतात, रांग लांबते. उतरल्याबरोबर तासाभरात कुठे पोहोचायचं असं काही ठरवू नका.

टेकडीवरची

फोटोंचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. त्याआधी सूर्योदय साडेआठच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेसातला, त्यानंतर सूर्योदय साडेसात आणि सूर्यास्त पावणेसहाच्या आत. जूनमध्ये रोषणाईसाठी रात्री दहानंतरही ताटकळावं लागतं, त्या मानाने तुमचा महिना फार सोयीचा.

सगळे पहाटे आयफेलसमोरच्या त्रोकादेरोला धावतात. तिथून टॉवर आग्नेयेला आहे, म्हणजे ऑक्टोबरात सकाळचा सूर्य टॉवरच्या जवळपास, समोरूनच येतो. चेहरे काळे पडतात. सूर्य वर यायच्या अर्धा तास आधीच्या निळसर उजेडात काढा, नाहीतर त्या जागेवर सरळ संध्याकाळी जा, तेव्हा टॉवरवर ऊन असतं. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो. त्या चमकत्या दिव्यांत लोकांचे फोटो हलतात, कारण शटर मंदावतं. आधी फोन कठड्यावर टेकवून टायमर लावून ठेवा.

गर्दी नको असेल तर अव्हेन्यू द कामोएन्सच्या टोकाचा दगडी कठडा बघा, त्रोकादेरोपासून चालत जाण्यासारखा आहे. बिर-हाकेम पुलाखालचे लोखंडी खांबही सुंदर, पण तिथे लग्नाच्या शूटची रांग असते. त्यापेक्षा पुलाच्या मधून खाली उतरून इल ओ सीन्य या बेटाच्या झाडीत शिरा.

अंगठीचा क्लोजअप: फोन अगदी जवळ नेला की फोकस जातो. हातभर मागे येऊन २एक्स झूमवर काढा. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, थंडीत बोटं बारीक होतात. घरी नीट बसणारी अंगठी तिथे सैल होते. पुलाच्या कठड्याबाहेर हात काढून पोज देऊ नका, खाली सेन नदी आहे.

झोळीवाला

अंगठीवरून आठवलं. नदीकाठी कुणीतरी तुमच्या पायाशी वाकून 'सोन्याची' अंगठी उचलेल आणि तुमची आहे का विचारेल. पितळ असतं ते, पुढे पैसे मागतात. उत्तर न देता चालत राहा. साक्रे-कूर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधणारे असतात, हात खिशात ठेवा. मेट्रोत दाराशी उभं राहून फोन बघू नका, दार बंद होता होता हिसकावतात.

टेकडीवरची

निवांत जागा राहिल्या. लुक्झांबूर्ग बागेतला मेदिची कारंजाजवळचा झाडांखालचा भाग. (मधल्या शिल्पात प्रेमी जोडप्यावर वरून राक्षस डोकावतोय, खुर्ची कुठल्या बाजूला ओढायची ते तुम्ही ठरवा.) पाँ नफ पुलाखाली उतरल्यावर बेटाच्या टोकाची व्हेर-गालाँ बाग, पण नदीला पूर असेल तर बंद. रोदँ संग्रहालयात 'चुंबन' हे शिल्प आहे आणि बाहेर मोठी बाग, सोमवारी सुट्टी. बास्तिलपासून जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी कुले व्हेर्त तर चार किलोमीटरहून लांब आहे, पहिला टप्पा जमिनीपासून उंचावर.

मोंमार्त्रची 'तुझ्यावर प्रेम आहे' भिंत आबेस स्टेशनच्या बाहेरच आहे. ६१२ फरशा, अडीचशे भाषा. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी खास वेळ काढू नका. स्टेशन ३६ मीटर खोल आहे, लिफ्ट घ्या. ओर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, सातनंतर गेलात तर चित्रांसमोर उभं राहायला जागा मिळते.

शेवंती_फुलली

सगळ्यांचे आभार. एकच शंका: लग्नाच्या अंगठ्या तिथेच घेतल्या तर कर परत मिळतो म्हणतात, खरं का?

अर्धा_चहा

मिळतो. एका दुकानात १०० युरोच्या वर खरेदी हवी, मूळ पासपोर्ट दाखवायचा आणि पैसे देतानाच देताक्सचा (कर-परताव्याचा) फॉर्म मागायचा, नंतर देत नाहीत. व्हॅट २० टक्के असला तरी एजन्सीची कपात जाऊन हातात साधारण १२ टक्के येतात. विमानतळावर सामान चेक-इन करायच्या आधी पाब्लो नावाच्या यंत्रावर फॉर्म स्कॅन करा, अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो. फ्रँकफर्ट वगैरे मार्गे परतत असाल तर शिक्का तिथे, कारण युरोपीय संघातून बाहेर तिथून पडता. भारतात उतरल्यावर दागिना कस्टमला जाहीर करावा लागेल आणि त्यावर शुल्क लागू शकतं. ते धरून हिशेब करा, बऱ्याचदा परताव्याचा फायदा तिथेच संपतो.

आणि साखरपुड्याची अंगठी भारी असेल तर जातानाच इथल्या विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना ती तिथे घेतलेली समजून शुल्क मागणार नाहीत. बिल आणि फोटो जवळ ठेवा, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचा.