डुकराची चरबी मऊ आणि जाड येते, जात बदलू की खाद्य?

मुरबाडचा_पालक

नमस्कार मंडळी. मुरबाड तालुक्यात माझं छोटं वराहपालन आहे, 6 माद्या आणि 31 पिल्लं. गेल्या नाताळला 11 डुकरं ठाण्यातल्या एका विक्रेत्याला दिली, जिवंत वजन 85 ते 95 किलो. धड फाडल्यावर त्याने मला बोलावून दाखवलं. पाठीवर शेवटच्या बरगडीपाशी दीड इंच चरबी, पिवळट, बोट दाबलं की आत जाणारी. दोन धडांना तर मासळीचा वास. किलोमागे 30 रुपये कापले. मी भांडलो नाही, माल खरंच तसा होता. पण रोज पहाटे चारला टेम्पो घेऊन खाद्य आणायला कल्याणला जायचं आणि शेवटी हे, याचं फार वाईट वाटलं.

खाद्य असं: हॉटेलचं खरकटं (भात, चपात्या, तळणीचं उरलेलं तेल), त्यात राईस पॉलिश (तांदूळ पॉलिश करताना निघणारा बारीक कोंडा), आणि आठवड्यातून तीनदा मासळी बाजारातली डोकी-आतडी. माद्या यॉर्कशायर जातीच्या म्हणून घेतल्या होत्या, पण निम्म्यांच्या अंगावर काळे डाग आहेत आणि कान अर्धवट पडलेले. या खेपेची पिल्लं 3 महिन्यांची आहेत, अंदाजे 25 किलो. नाताळला चार महिने उरलेत. ड्युरॉक जातीचा नर आणू का?

शहापूर_शेती

दादा, नर आज आणलात तरी गाभणकाळच 3 महिने 3 आठवडे 3 दिवसांचा. या नाताळला त्याचा काही उपयोग नाही, पुढच्या वर्षासाठी जरूर आणा. ड्युरॉक तांबूस असतो, वाढ चांगली आणि मांसात चरबीच्या बारीक रेषा धरतो. यॉर्कशायरचे कान उभे, लँडरेस जातीचे डोळ्यांवर पडलेले. तुमच्या माद्यांत गावठी रक्त दिसतंय. गावठी काटक असतं, पण 50-60 किलोलाच चरबी धरायला लागतं. तुम्ही ती 90 पर्यंत नेलीत.

उत्तनची_मावशी

भाऊ, मी आणि माझ्या घरच्यांनी सोळा वर्षं डुकरं पाळली आणि स्वतः कापून विकली, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

चरबी जाड का झाली? खरकट्यात भात, पोळी, तेल. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. मांस बांधायला प्रथिनं लागतात, विशेषतः त्यांतला लायसिन नावाचा घटक. ते कमी पडलं की उरलेली सगळी ताकद चरबीत जाते. शिवाय खरकट्यात चारातले तीन हिस्से तरी पाणी असतं. पाच किलोची बादली ओतली तर कोरडा घास किलोभरच गेला. त्यामुळे वाढ मंद होते, दिवस वाढतात, आणि वाढत्या वयात चरबीच जास्त चढते.

चरबी मऊ का झाली? गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात तेल बदलून जातं. डुकराचं तसं नाही. जे तेल तोंडातून गेलं, तेच पाठीवर बसतं. तळणीचं तेल, मासळीचं तेल आणि तुमचं राईस पॉलिश, त्यातही तेल भरपूर. आमच्याकडे सॉसेजला चरबी चौकोनी कापतात. चांगली चरबी सुरीखाली खडूसारखी कट् करून तुटते, मऊ चरबी सुरीला चिकटून ओघळते, बर्फात ठेवली तरी लेचीपेचीच. इंदियाल, म्हणजे आमचं डुकराच्या मांसाचं कालवण, शिजवलं की सगळं तेल वर तरंगतं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

उपाय तुमच्या तालुक्यातच आहे. भात गिरणीतली कणी घ्या. पिष्टापासून डुक्कर स्वतः जी चरबी बनवतं ती घट्ट असते. आत्ता मक्याचा भरडा आणि कणी मिळून 60 किलो, सोयाबीन पेंड 20, गव्हाचा कोंडा 18, मिनरल मिक्स्चर 2 असं मिश्रण करा. 60 किलो वजनानंतर पेंड 14 वर आणा आणि तेवढी कणी वाढवा. शेंगदाणा पेंड स्वस्त पडली तरी सगळी तीच घालू नका, तिच्यात लायसिन कमी. मका हातात घेऊन हुंगून बघा, बुरशीचा वास आला तर परत करा.

मासळी आजपासून बंद. तेल आणि पॉलिश शेवटचे दोन महिने अजिबात नको. खच्ची केलेले नर माद्यांपेक्षा हावरे आणि लवकर चरबी धरणारे, 60 नंतर त्यांना मोजून घाला. आणि तुमच्या जातीला 75-80 किलोला विका. 90 चा मोह सोडा.

वजन अंदाजाने धरू नका. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, म्हणजे किलो.

पशुवैद्य_बदलापूर

मावशींशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. खरकटं देणारच असाल तर ढवळत किमान अर्धा तास उकळा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग 2020 पासून भारतात आहे, त्यावर उपचार नाही, आणि खरकट्यातल्या कच्च्या डुकराच्या मांसातून तो गोठ्यात येतो. हॉटेलच्या अन्नात मीठही खूप असतं. पाणी कमी पडलं तर डुकराला मिठाची विषबाधा होऊन झटके येतात, म्हणून पाणी चोवीस तास हवं.

नर खच्ची केलेत का? वयात आलेल्या नराच्या मांसाला शिजवताना उग्र वास येतो, तो खाद्य बदलून जात नाही. हे काम पहिल्या काही दिवसांत करायचं असतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला भूल देऊन डॉक्टरांकडूनच करून घ्या.

मुरबाडचा_पालक

मावशी, डॉक्टर, शहापूरचे दादा, मनापासून आभार. संध्याकाळी फीत लावली. सगळ्यात मोठ्या पिल्लाचा घेर 76 सेंटिमीटर, लांबी 75, म्हणजे बरोबर 30 किलो. सगळ्यात लहान 19 भरलं. इतका फरक आहे हे मला माहीतच नव्हतं, उद्या लहान सात वेगळ्या खणात घेतो. चार नर खच्ची करायचे राहिलेत, शनिवारी डॉक्टर येतायत. गिरणीवाल्याला कणीची दोन पोती सांगून आलो.