बाळंतपणाचा खर्च आणि आरोग्य विमा : ‘नऊ महिने आधी कळते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पणजीकरीण :
काल येथे एका सदस्याने लिहिले की बाळंतपण हा आजार नव्हे आणि अपघातही नव्हे, त्याची चाहूल नऊ महिने आधी लागते, तेव्हा ज्यांना मूल हवे त्यांनी पैसे साठवावेत आणि विमा कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणे थांबवावे. त्या लिखाणाला भरभरून पसंती मिळालेली पाहिली आणि राहवले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

बाळंतपण येणार हे आधी कळते, हे खरे. ते कसे पार पडेल हे मात्र नाव नोंदवलेल्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. आपल्या पॉलिसीतील वगळलेल्या खर्चांची यादी एकदा उघडून पाहा. विमा नियामकाने २०१९ मध्ये या यादीची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि त्यात १८ क्रमांकावर मातृत्व आहे. प्रसूतीचा खर्च मिळणार नाही एवढेच तेथे लिहिलेले नाही. गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझेरियनही मिळणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. अपघाताने झाला नसेल तर गर्भपाताचा खर्चही नाही. याखेरीज अपवाद एकच, गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ. म्हणजे ठरवून पैसे साठवता येतील तो साधा खर्च तर वगळला आहेच, पण ज्याच्यासाठी माणूस विमा घेतो तो अनपेक्षित खर्चही त्याच वाक्यात वगळला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा रक्तदाब आठव्या महिन्यात एकाएकी वाढला. खासगी इस्पितळात तातडीने सिझेरियन करावे लागले आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेले. पॉलिसी लग्नाआधीपासूनची, हप्ता कधी चुकलेला नाही आणि दावा कधी केलेला नाही. खिडकीवरच्या मुलीने कार्ड हातात घेऊन ‘मॅटर्निटी नाही’ एवढेच सांगितले आणि अनामत भरायला लावली. पुढे बिल आले तेव्हा त्यात शस्त्रक्रियागृहाचे भाडे, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञाची उपस्थिती, हातमोजे, सिरिंजा असे सगळे ओळीने होते आणि सर्वांत मोठा आकडा एनआयसीयूचा होता. बाळाच्या उपचारांचे पैसे तरी मिळतील म्हणून विचारले, तर बाळ पॉलिसीत नव्वद दिवसांनंतरच येते असे उत्तर मिळाले. जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाने नऊ महिने आधी कोणते नियोजन करायचे होते, हे त्या सदस्याने मला सांगावे.

मडगावचा विमेकरी :
ताई, तुमच्या बहिणीवर जे ओढवले त्याचे वाईट वाटते, पण विमा भावनेवर चालत नाही. मी अर्धे आयुष्य या व्यवसायात घालवले आहे. घराला आग लागावी असे कोणालाच वाटत नाही, म्हणून हजारांचे हप्ते गोळा करून एकाचे नुकसान भरता येते. मातृत्वाचे संरक्षण मात्र ज्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल हवे असते तेच घेतात आणि काम झाले की सोडतात. घेणारा जवळजवळ प्रत्येक जण दावा करणार असेल, तर कंपनी तुमचेच पैसे स्वतःचा खर्च कापून तुम्हाला परत करणार. मातृत्वाची जोड असलेल्या पॉलिसी बाजारात आहेत, परंतु बहुतेकींत दोन ते चार वर्षे थांबावे लागते आणि मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा असते. त्या काळात भरलेला जादा हप्ता आणि ती मर्यादा कागदावर शेजारी शेजारी मांडा. बँकेतील आवर्ती ठेव त्याहून बरी, असे मी माझ्या ग्राहकांना सांगत आलो आहे, आणि त्यात माझे कमिशन बुडते हेही लक्षात घ्या.

शिवाय नोकरीतल्या सामूहिक पॉलिसीत मातृत्व बहुधा पहिल्या दिवसापासून असते. लोक ती वाचत नाहीत. लग्न झाल्यावर ठरावीक मुदतीत पत्नीचे नाव कळवायचे असते. आपल्याकडे गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या लागतात; पहिली सही होते, दुसरी सही राहून जाते, दाखला हाती येईपर्यंत मुदत उलटते आणि मग दोष विम्याला.

वेर्ण्याचा कामगार :
सामूहिक पॉलिसी पक्क्या नोकरीवाल्यांना असते, विमेकरी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्धे लोक कंत्राटदाराच्या पटावर आहेत आणि किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये राबणाऱ्यांना तर हंगाम संपला की पटही नसतो. माझ्या पत्नीचे बाळंतपण ईएसआयमधून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतून, झाले, एक पैसा लागला नाही आणि तिला सव्वीस आठवड्यांची पगारी रजाही मिळाली. पण ईएसआयची मासिक पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवर अडकली आहे. माझ्या विभागातील एका मुलीचा पगार थोडासा वाढून त्या रेषेपलीकडे गेला, चालू सहामाहीपुरते कार्ड चालले आणि पुढे ती बाहेर पडली. कंपनीने तिला दिलेल्या पॉलिसीत मातृत्व नव्हते. रजेचा हक्क कायद्याने शाबूत राहिला, पण मालकाने प्रसूतीची मोफत सोय केली नसेल तर कायद्याने द्यायचा वैद्यकीय बोनस ३,५०० रुपये आहे. एवढ्यात आज सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या तरी भागतात का? पगार वाढल्याचे पेढे वाटून तिने कर्ज काढले.

डिचोलीकर :
एवढा काथ्याकूट कशासाठी, हे मला कळत नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी इस्पितळात प्रसूती मोफत, सिझेरियन मोफत, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडी, सगळे मोफत. आजारी नवजात बाळावरचे उपचारही त्यात आहेत. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळे आहेत. वातानुकूलित खोली हवी म्हणून खासगीत जायचे आणि मग बिल पाहून रडायचे, हा हट्ट आहे.

एक अडचण मात्र मीही मान्य करतो. बांबोळीला खाट मिळत नाही, कारण अर्ध्या खाटा बाहेरच्यांनी भरलेल्या असतात. आमच्या करातून चाललेल्या इस्पितळात आमच्याच सुना-लेकी ताटकळत बसतात. बिगरगोमंतकीयांना २०१८ पासून शुल्क लावले ते योग्यच झाले, माझ्या मते ते आणखी वाढवावे.

सावंतवाडीची सून :
डिचोलीकर, मी पेडण्याची लेक आहे. माझा जन्म, शिक्षण, मतदानाचे पहिले बटण, सगळे गोव्यात. लग्न होऊन सावंतवाडीला गेले आणि पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी आले. एका सरकारी इस्पितळाच्या खिडकीवर माझे आधार कार्ड उलटसुलट पाहून ‘पत्ता महाराष्ट्राचा आहे’ असे मला सांगण्यात आले. माझी आई मागे उभी होती, तिचे रेशन कार्ड, तिचा निवासी दाखला, काहीही चालले नाही. लग्नानंतर पत्ता बदलणे हा माझा गुन्हा होता का? तुमच्या डिचोलीतल्या किती मुली दोडामार्ग आणि बांद्यात दिल्या आहेत, याची आधी चौकशी करा. ‘बाहेरचे’ म्हणून तुम्ही ज्यांना हाकलता, त्यांत तुमच्याच भाच्या आहेत.

डिचोलीकर :
व्यक्तिगत उदाहरणांवर धोरण ठरत नसते. तुमच्या सिंधुदुर्गात ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे ना? तेथे जावे. माहेरी बाळंतपण करण्याची हौस असेल तर तिचा खर्च माहेरच्यांनी करावा. गोव्याच्या करदात्यावर तो का?

सावंतवाडीची सून :
हौस? पहिलटकरणीला रात्री उठून पाणी देणारे, तिच्या पोटऱ्या दाबणारे, बाळाला न्हाऊमाखू घालणारे माणूस सासरी असेलच असे नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. तुम्ही हौस म्हणता ती आमच्याकडे गरज असते, आणि हे कोणत्याही बाईला समजावून सांगावे लागत नाही. आणि कराचेच म्हणाल तर माझे वडील चाळीस वर्षे गोव्यात कर भरत आहेत. त्यांच्या लेकीचा हक्क मंगळसूत्राबरोबर तेरेखोल नदी ओलांडून गेला, असे तुमचे म्हणणे असेल तर ते स्पष्ट लिहा.

डिचोलीकर :
माझ्या तोंडी शब्द घालू नका. माझी वहिनी बांबोळीच्या व्हरांड्यात जमिनीवर अंथरूण टाकून पडली होती आणि त्या वॉर्डात गोव्याचा पत्ता शोधावा लागत होता. तुम्ही तुमचे दुःख सांगता, मी माझे सांगतो. माहेरवाशिणींना आईच्या दाखल्यावर सवलत द्यावी, याला माझा विरोध नाही. पण त्या एका दारातून कारवारपासून कुडाळपर्यंत सगळे आत येणार असतील, तर आहे.

निवृत्त परिचारिका, म्हापसा :
मी प्रसूतिकक्षात उभी राहून म्हातारी झाले, म्हणून दोघांनाही सांगते. कळा देणाऱ्या बाईचा पत्ता पाहायला आम्हाला कधी वेळ नव्हता आणि पाहावा असे वाटलेही नाही. खाटा कमी पडतात त्याचे एक कारण तुम्ही सगळे विसरता. छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये रक्तस्राव थांबत नसला किंवा बाळाला श्वास लागला की मध्यरात्री त्याच बाईला बांबोळीला पाठवतात. म्हणजे ज्यांनी खासगीत पैसे भरले, त्याही शेवटी सरकारी खाटेवर येतात. ‘सरकारी मोफत आहे, तेथे जा’ म्हणणाऱ्यांनी, सगळ्याच गेल्या तर त्यांना कोठे झोपवायचे, हेही सांगावे.

आणि डिचोलीकर बाब, खासगीत जाणारी प्रत्येक बाई एसीसाठी जात नाही. प्रसूतीच्या वेळी नवऱ्याने किंवा आईने जवळ थांबावे, ओरडली तर कोणी खेकसू नये, एवढ्यासाठी दागिने गहाण ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मी सरकारी नोकरीत होते, तरी हे लिहिते.

मडगावचा विमेकरी :
बाई, तुमच्या अनुभवाचा मान राखून एक आकडा मांडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील सरकारी इस्पितळांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के होते. आता पणजीकर ताई म्हणतात की साधी प्रसूती वगळा, पण सिझेरियन द्या. उद्या सिझेरियनला विमा मिळू लागला तर हा ४७ चा आकडा कोठे जाईल? पोट कापल्यावर पैसे मिळतात आणि न कापल्यास मिळत नाहीत, असा नियम करणे बायकांच्या हिताचे आहे का?

निवृत्त परिचारिका, म्हापसा :
हा मुद्दा बरोबर आहे, आणि तो विमेकऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला याचे मला वाईट वाटते. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ चोवीस तास नसतो. तो संध्याकाळी मिळतो, म्हणून रात्रीवर जाईल अशी प्रसूती संध्याकाळीच उरकली जाते. मुहूर्त काढून आलेली कुटुंबेही मी पाहिली आहेत. पण फिट्स येऊ लागलेल्या बाईचे सिझेरियन आणि मुहूर्ताचे सिझेरियन यांतला फरक केस पेपरवर लिहिलेला असतो. रक्तदाबाच्या नोंदी, लघवीतील प्रथिने, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, सगळे कागदावर असते. हर्नियाच्या दाव्यात तुमचे डॉक्टर ओळ न् ओळ तपासतात, तर येथे का नाही?

पणजीकरीण :
चर्चा बांबोळीच्या दारात बरीच रेंगाळली. सावंतवाडीच्या ताईंचे म्हणणे मला पटते, परंतु तो प्रश्न सरकारला विचारायचा आहे आणि माझा प्रश्न विमा कंपन्यांना आहे, तेव्हा तिकडे परत येते.

विमेकरी, साध्या प्रसूतीसाठी आवर्ती ठेव बरी, हे तुमचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. गणित मीही करून पाहिले. पण तुमच्या सगळ्या युक्तिवादात बाळ कोठे आहे? बाळ एनआयसीयूत जाणे कोणी ठरवत नाही, त्यासाठी मुहूर्त कोणी काढत नाही आणि त्यातून आईवडिलांना फायदा होत नाही. हजारांचे हप्ते गोळा करून एकाचे नुकसान भरायचे, या तुमच्याच व्याख्येत ते तंतोतंत बसते. मग आई वर्षानुवर्षे विमाधारक असताना तिचे बाळ पहिले नव्वद दिवस उघड्यावर का?

मडगावचा विमेकरी :
कारण सर्वांत मोठा धोका त्याच नव्वद दिवसांत असतो आणि त्याची किंमत हप्त्यात धरलेली नाही. कंपनीचे उत्तर हे आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर, ती किंमत सर्व फॅमिली फ्लोटरवर, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसींवर, वाटली तर हप्ता थोडा वाढेल, पण वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेव्हा तेवढा भार ग्राहकाला सोसेल. बाळाचे कलम बदलावे, या मागणीवर मी सही करीन. सिझेरियनच्या मागणीवर करणार नाही, त्या बाबतीत परिचारिकाबाईंनी कितीही केस पेपर दाखवले तरी.

वेर्ण्याचा कामगार :
बाळाच्या कलमाबरोबर ईएसआयची २१,००० ची मर्यादाही लिहा. विमा नियामकाचा तिच्याशी संबंध नाही हे मला ठाऊक आहे, ते पत्र वेगळे पाठवू.

पणजीकरीण :
मसुदा रविवारपर्यंत येथेच टाकते. त्यात फक्त दोन कलमे असतील : आईची पॉलिसी चालू असेल तर बाळ जन्माच्या क्षणापासून तिच्यात धरावे आणि वैद्यकीय कारण नोंदलेली गुंतागुंत मातृत्वाच्या वगळणुकीतून काढावी. विमेकऱ्यांनी पहिल्यावरच सही केली तरी हरकत नाही. डिचोलीकरांनी निदान वाचून पाहावे.

डिचोलीकर :
वाचीन. सही करीनच असे नाही.