तोंडातील जिवाणू आणि गरीब कुटुंबांतील लठ्ठपणा

मेधा_नेवाडा: मी लास व्हेगासमध्ये दंतवैद्यांकडे मदतनीस आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावर, असलेल्या कुटुंबांतली असतात. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या आणि वयाच्या मानाने जास्त वजन असे तिन्ही एकाच मुलात वारंवार दिसते. परवा नऊ वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या दातांमागचे पिवळे किटण काढताना हिरडीतून रक्त आले, तेव्हा त्याच्या आईने विचारले, "हे जंतूच याला जाड करतात का?" तिने सेलेनोमोनास नॉक्सिया या तोंडातील जिवाणूचे नाव वाचले होते. तिला काय सांगावे?

हिरडीवैद्य: हे नाव बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेतील गुडसन आणि सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या अभ्यासातून पसरले. त्यांनी 313 स्थूल स्त्रियांची लाळ तपासली, तेव्हा 98.4 टक्के जणींच्या लाळेत हा चंद्रकोरीसारखा वाकडा जिवाणू एकूण जिवाणूंच्या 1.05 टक्क्यांहून अधिक आढळला. आकडा थक्क करणारा आहे. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या 232 व्यक्ती हिरडीच्या आजारावरील आधीच्या संशोधनातल्या होत्या, आणि लाळ एकदाच तपासल्यामुळे आधी जिवाणू वाढला की आधी वजन, हे त्यातून ठरत नाही. लाळेसोबत गिळलेले जिवाणू पचनावर किंवा भुकेवर परिणाम करत असावेत, ही संशोधकांनी मांडलेली शक्यता आहे. म्हणून त्या माउलीला "हो" म्हणू नका. गोड पेयांनी दातही किडतात आणि वजनही वाढते, एवढे मात्र खात्रीने सांगा.

सुनंदा_आरोग्यसेविका: एक गोष्ट कळकळीने सुचवते. मुलाची तपासणी झाली, आईची झाली का? मेडिकेडमध्ये मुलांच्या दातांचा खर्च द्यावाच लागतो, प्रौढांचे मात्र त्या त्या राज्याच्या मर्जीवर असते. त्यामुळे ज्या आईच्या उष्ट्या चमच्यातून जिवाणू मुलाकडे जातात, तिच्याच हिरड्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. लाळेतील जिवाणू मोजताना घरची ही परिस्थिती नोंदली नाही, तर गरिबीचा दोष जिवाणूच्या माथी मारला जाईल, असे मला वाटते.

मेधा_नेवाडा: आभारी आहे. आईला मी विचारलेच नव्हते. तिच्याही दातांतून घासताना रक्त येते, हे आज दूरध्वनीवर कळले. पुढच्या भेटीत वैद्यांना तिचे तोंड पाहण्याची विनंती करणार आहे.