भाचीने गुन्हेगारीशास्त्र घ्यावं का? माझं मत : नको, आधी एलएल.बी. करावी

माजी फौजदार :
धाकट्या बहिणीची मुलगी यंदा समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली. आता गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचं म्हणते. एका खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक तिने माझ्यापुढे ठेवलं. ‘नोकरीच्या संधी’ खाली आयपीएस, सीबीआय, रॉ, एनआयए सगळं एका दमात छापलेलं. मी वाचलं आणि नको म्हणालो. दोन दिवस झाले, पोरगी माझ्याशी बोलत नाही. म्हणून इथे मांडतो. चुकत असेन तर सांगा.

आयपीएस व्हायचं तर यूपीएससी द्यायची. तिथे कुठलीही पदवी चालते आणि वैकल्पिक विषयांच्या यादीत गुन्हेगारीशास्त्र नाहीच. फौजदार व्हायचं तर एमपीएससी, तिथेही कुठलीही पदवी, वर मैदानी चाचणी. सरकारी वकिलाला वकिलीची सनद लागते. न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत विज्ञान लागतं. मग या एम.ए.वाचून अडतं कुठे? दोन वर्षं आणि बापाचे लाखो रुपये घालून पोरगी ज्या रांगेत उभी राहणार, त्याच रांगेत ती आजही उभी राहू शकते.

मी 33 वर्षं खात्यात काढली, शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. जे शिकलो ते ठाण्यात, वरिष्ठांच्या शिव्या खात. पहिल्या खुनाच्या पंचनाम्यात आरोपीचा रक्ताने भिजलेला शर्ट मी ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड बांधून लाखेचं सील केलं आणि मुद्देमाल कारकुनाकडे जमा केला. तपासणीला जाईपर्यंत बरेच दिवस गेले. पिशवी उघडली तेव्हा शर्टाला बुरशी. रक्तगट सांगता येत नाही असा अहवाल आला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही ओला कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळल्याशिवाय मी सील केला नाही. हे शिक्षण बाकावर बसून मिळत नाही.

काळा कोट :
साहेबांशी शंभर टक्के सहमत. जिल्हा न्यायालयात फौजदारी चालवतो. 1 जुलै 2024ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि जुनी कलमं तोंडपाठ असलेले आम्ही सगळे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसलो. खुनाला ‘तीनशे दोन’ म्हणायची जीभ अजून ‘एकशे तीन’ म्हणायला अडखळते. आत्ता एलएल.बी.ला बसणारी मुलगी थेट नवीन कायदा शिकून येईल. ती वकिली करेल, सहायक सरकारी अभियोक्ता होईल, न्यायाधीशाची परीक्षा देईल, लोक अभिरक्षक कार्यालयात गरिबांच्या केसेस लढवेल. एका पदवीत चार वाटा.

आणि एक स्पष्ट सांगतो. गुन्हा का घडला हे कोर्ट विचारत नाही. घडला का, कुणी केला, पुरावा काय, एवढंच विचारतं.

मुलाकात खिडकी :
दादा, कोर्ट विचारतं. परिविक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) अधिनियम, 1958 काढा, कलम 6 वाचा. आरोपी 21 वर्षांखालचा असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर त्याला तुरुंगात धाडण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तुरुंगच का, याची कारणं लेखी द्यावी लागतात. घर कसं, संगत कुठली, शाळा कधी सुटली, काम मिळेल का, हे सगळं त्या अहवालात येतं. बाल न्याय मंडळापुढे तर सामाजिक तपासणी अहवालाशिवाय पान हलत नाही. आता मला सांगा, गेल्या वर्षभरात किती वेळा तुम्ही हा अहवाल मागितलात? वकील मागत नाहीत म्हणून तो येत नाही, आणि येत नाही म्हणून त्याची गरज नाही असं आपण धरून चालतो.

माझं शिक्षण समाजकार्यातलं, गुन्हेगारी आणि न्याय हा विशेष विषय घेऊन. 12 वर्षं तुरुंगात बंद्यांसोबत काम करतेय. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले पाऊणशे अजून दोषी ठरलेलेच नव्हते. माझं काम या माणसांत आहे.

एक मुलगा सांगते. वय 19, मोबाइलचोरी. जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले तरी आत. जामीनदार कोण आणणार? आईबाप उसाच्या फडावर, जिल्हा सोडून गेलेले. घरचा नंबर पाठ नाही. वकिलाने दोनदा विचारलं, ‘गावाकडे कोण आहे?’ मुलगा मान खाली घालून गप्प. मी विचारलं, गावात शिरताना पहिलं काय दिसतं? म्हणाला, पिठाची गिरणी. गिरणीच्या भिंतीवर नंबर रंगवलाय. शेवटचे दोन आकडे सोडून सगळा पाठ होता त्याला. दोन आकडे म्हणजे शंभर नंबर. मी आणि माझी सहकारी, आम्ही दोघी फिरवत बसलो. 41 व्या फोनला गिरणीवाला लागला. त्याने मुकादमाचा नंबर दिला, मुकादमाने बापाला गाठलं, नवव्या दिवशी पोरगा बाहेर.

नातं विचारलं की माणूस लाजतो, जागा विचारली की बोलतो, हे मला फील्डवर्कमध्ये बाईंनी शिकवलं होतं. मामासाहेब, हे शिक्षण आहे आणि ते आठवड्याचे दोन दिवस तुरुंगाच्या दारात उभं करूनच देतात.

तुमच्या शर्टाबद्दलही विचारते, राग मानू नका. तुम्ही त्यातून शिकलात. पण त्या खटल्याचं काय झालं?

सीए रिपोर्ट :
मध्येच बोलतो, कारण इथे दोन विषयांची सरमिसळ होतेय. फॉरेन्सिक सायन्स वेगळं, गुन्हेगारीशास्त्र वेगळं. पहिल्यात रक्त, विष, डीएनए, ठसे, मोबाइलमधला डेटा; दुसऱ्यात गुन्हा का घडतो याचा अभ्यास. पहिल्याला विज्ञान शाखाच हवी. भाची बी.ए. असेल तर ती वाट जवळजवळ बंद. आमच्याकडे मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे, त्याची शाखा गोव्यातही आहे. बारावी विज्ञानच्या मुलांनी तिकडे बघावं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं झालंय. राज्यांना तयारीला पाच वर्षांची मुदत आहे. माणसं लागणार आहेत. आणि फौजदारसाहेब, ओला कपडा प्लास्टिकमध्ये घालू नये हे आमच्याकडे पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकात करून घेतात. बाकावर बसूनच.

पालावरचा :
मी दोन्ही बाजूंना थोडा विरोध करणार आहे. माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली, तारेच्या कुंपणात. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आमच्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. रोज हजेरी, परवानगीशिवाय वेस ओलांडायची नाही. त्या काळच्या शहाण्यांनी ‘गुन्हेगारी रक्तात असते’ हे शास्त्र म्हणूनच मांडलं होतं. 31 ऑगस्ट 1952ला आम्ही विमुक्त झालो, पण आजही जवळपास घरफोडी झाली की पहिली गाडी पालावर येते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सराईत’ हा शब्द येतो.

त्यामुळे भाचीला एवढंच विचारा, ज्या विद्यापीठात जातेय तिथे हा इतिहास शिकवतात का? शिकवत असतील तर जरूर जाऊ द्या. तिथून शिकून ती खात्यात आली तर मला हवीच आहे. नुसत्या सिरियल किलरच्या गोष्टी आणि प्रोफायलिंगची चित्रं दाखवत असतील तर पैसे वाया.

दोन मुलींची आई :
सगळं पटलं. पण पगाराचं कुणीच बोललं नाही. मुलाकात खिडकी ताई, खरं सांगा, भागतं का?

मुलाकात खिडकी :
खरं सांगते. पहिला पगार 16 हजार, अकरा महिन्यांचा करार, आणि प्रकल्पाचा निधी संपला की पुन्हा शोधाशोध. आजही पेन्शन नाही. परिविक्षा अधिकाऱ्याच्या जागा महिला व बालविकास खात्यात असतात, पण त्यांच्या जाहिरातीची वाट बघत आयुष्य काढता येत नाही. शिकवायचं असेल तर गुन्हेगारीशास्त्रात नेट देता येते. ज्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसे लागणारच आहेत, त्या घरातल्या मुलीला मी हा रस्ता सांगताना अडखळते. हे मान्य करते.

माहितीपत्रकावर मात्र जाऊ नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 1990 पासून ‘प्रयास’ हा प्रकल्प तुरुंग आणि पोलीस ठाण्यांत काम करतोय, तिथला अभ्यासक्रम अशा कामाला जोडलेला आहे. प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून. कुठल्याही विद्यापीठाला एकच विचारा, पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला आठवड्याला किती दिवस आणि नेमकं कुठे पाठवता? जागेचं नाव सांगता आलं नाही तर उठून या.

काळा कोट :
कलम 6 पुन्हा वाचलं. ताई, तुमचं बरोबर आहे, मी अहवाल क्वचितच मागतो. सोमवारी एक 20 वर्षांचा मुलगा शिक्षेवर सुनावणीला आहे, त्यात अर्ज देतोय. तरीही माझं मत तेच. अर्ज द्यायला सनद लागते. एलएल.बी. आधी.

माजी फौजदार :
ताई, आरोपी सुटला. शर्टाशिवाय दुसरा पुरावा तोकडा पडला. निकालाच्या दिवशी मयताची आई कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. हात धरून म्हणाली, ‘साहेब, तुम्ही खूप धावपळ केली.’ प्लास्टिकच्या पिशवीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. आज 29 वर्षं झाली. ‘अनुभवाने शिकलो’ असं वर लिहिलं तेव्हा ही बाई माझ्या डोक्यात नव्हती, याची लाज वाटते.

एम.ए.ने नोकरी लागत नाही हे माझं म्हणणं अजून कायम आहे. ते खाजगी विद्यापीठ तर नाहीच. पण नको हा शब्द मागे घेतो. काल रात्री भाचीला हा सगळा धागा वाचायला दिला. गिरणीचा नंबर वाचून ती बोलायला लागली. सीयूईटी पीजीचा अर्ज भरणार आणि सोबत तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटीही देणार असं तिने स्वतःच ठरवलंय.

काळा कोट साहेब, सोमवारच्या सुनावणीला ती मागच्या बाकावर बसली तर चालेल ना? मी घेऊन येतो.

काळा कोट :
अकरापर्यंत या. खाली चहाच्या टपरीपाशी भेटू.