जुन्या हेरकथांचे अनुवाद पुन्हा निघतात, मग खपत का नाहीत?

जुनी_फाईल (धागाकर्ता)

गाजलेल्या हेरकादंबऱ्यांचे अनुवाद अधूनमधून नव्या मुखपृष्ठासह पुन्हा निघतात आणि गठ्ठ्यातच राहतात. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: शीतयुद्ध संपलं, आता हे वाचणार कोण?

मला हे पटत नाही. अलीकडे अशी तीन पुनर्मुद्रणं मी मूळ इंग्रजीशी ताडून वाचली. कागद उत्तम, बांधणी मजबूत, आत मात्र कित्येक दशकांपूर्वीचाच मजकूर. एका पुस्तकात दोन प्रकरणं गाळलेली आहेत आणि तसं कुठे म्हटलेलंही नाही. दुसऱ्यात चौकशीचे प्रसंग निम्म्यावर आणलेत, गोळीबार तेवढा पूर्ण ठेवलाय. हेरकथेत चौकशी कापली तर उरतं काय?

इंग्रज कादंबरीकार जॉन ल कारेच्या कथांमधल्या हेरखात्यात प्रत्येक कामाला कचेरीतलं वेगळं नाव आहे. घरं, गाड्या, पाळतीची सोय बघणारे 'लॅम्पलायटर्स', अंगावर बेतणारी कामं करणारे 'स्काल्पहंटर्स'. जुन्या पद्धतीच्या अनुवादात हे सगळे नुसते 'गुप्तहेर' होतात, आणि त्यांच्यातली उतरंड, हेवेदावे, एकमेकांबद्दलचा तुच्छभाव सगळं सपाट होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वाचक कादंबरीला नाही, या मजकुराला नकार देतोय.

काउंटरमागून

असहमत. मी बरीच वर्षं पुस्तकं विकतोय. गिऱ्हाईक पुस्तक उचलतं, मागचा मजकूर वाचतं आणि खाली ठेवतं. अनुवाद चांगला की वाईट हे कळायला आधी दहा पानं तरी वाचावी लागतात. तिथवर कोणी पोचतच नाही, मग दोष अनुवादाचा कसा?

काळाचा मुद्दा इतका सहज उडवू नका. ल कारेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' १९६३ साली आली. बर्लिनची भिंत ऑगस्ट १९६१ मधली, म्हणजे जेमतेम दोन वर्षांची. रशियासाठी हेरगिरी करणारा ब्रिटिश गुप्तचर अधिकारी किम फिल्बी त्याच १९६३ च्या जानेवारीत बैरूतमधून नाहीसा झाला आणि मॉस्कोला पोचला. त्या वाचकाला पहिल्या पानावरची तपासणी चौकी समजावून सांगावी लागली नाही, त्याच्या पोटात आधीच गोळा होता. आज भिंत पडल्यालाही तीस वर्षांहून जास्त काळ लोटलाय. तळटीप दिली तर ताण तुटतो, नाही दिली तर वाचक अडतो. नवा अनुवाद यातलं काय बदलणार?

जुनी_फाईल

दहा पानांचा मुद्दा मान्य. पण पुस्तक मागच्या मजकुरावर किती दिवस चालतं? ज्यांनी घेतलं त्यांनी मित्राला 'वाचच' म्हटलं तर चालतं. ते म्हणत नाहीत, आणि का म्हणत नाहीत ते मी वर लिहिलंय.

काळाबद्दल म्हणाल तर हेरकथाकार एरिक अ‍ॅम्ब्लर घ्या. 'एपिटाफ फॉर अ स्पाय' १९३८ ची, म्हणजे शीतयुद्धाच्याही आधीची. नायक भाषा शिकवणारा साधा मास्तर, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेला. फ्रान्समधल्या एका हॉटेलात त्याच्या कॅमेऱ्याची अदलाबदल होते, फिल्म धुतल्यावर नौदलाच्या ठिकाणांचे फोटो निघतात आणि पोलीस त्याला सांगतात: हॉटेलातला खरा हेर शोधून दे, नाहीतर देशाबाहेर हो. बाहेर म्हणजे कुठे? त्याला जायला देशच नाही. कागदपत्रं नसलेल्या माणसाची ही भीती समजायला आज कुठली तळटीप लागते?

शब्दशः_नाही

मी अनुवाद करते, म्हणून थोडं आतलं.

नव्या अनुवादाने काय बदलतं असं विचारलंत. इंग्रजीत एकच 'यू' आहे. आपल्याला चौकशीच्या खोलीत प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं: तू, तुम्ही की आपण? अधिकारी तासभर 'तुम्ही' म्हणत असतो आणि एका प्रश्नाला 'तू' वर येतो. तो क्षण मुळात शब्दांत नाही, प्रसंगात दडलेला आहे. अनुवादकाने तो ओळखला तर मराठी वाचकाला मुळापेक्षा काकणभर जास्तच मिळतं. जुन्या अनुवादांत बहुतेक वेळा पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एकच सर्वनाम असतं.

दुसरी अडचण लिंगाची. खबर देणारा बाई की पुरुष हे लेखकाने लपवलंय, इंग्रजी क्रियापद ते लपवू देतं. मराठीत 'एजंट आला' लिहिलं की गुपित फुटलं. तेच 'एजंटने निरोप पाठवला' केलं तर क्रियापद निरोपाच्या मागे जातं आणि एजंट अंधारातच राहतो. सबंध प्रकरण अशा वाक्यांवर तोलून धरायला दिवसच्या दिवस जातात. पुनर्मुद्रणासाठी तेवढा वेळ कोणी देत नाही, कारण मजकूर 'आहेच की'.

आणि ल कारेचं 'सर्कस'! लंडनच्या केंब्रिज सर्कस या चौकावरून हेरखात्याला पडलेलं ते नाव. मराठीत तसंच ठेवलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे तंबू आणि सिंह. पहिल्याच उल्लेखात, कोणाच्या तरी बोलण्यातून, तो चौक आला पाहिजे. तळटीप हा एकमेव मार्ग नाही, काउंटरमागून.

निळा_लिफाफा

तुम्ही दोघंही मुखपृष्ठाबद्दल का बोलत नाही? फ्लेमिंगचा बाँड १९५३ चा, ल कारेचं मोठं यश दहा वर्षांनंतरचं. दोघांच्या लिखाणात जमीन-अस्मानाचा फरक. तरी अनुवाद निघतात तेव्हा दोन्हीकडे तेच पिस्तूल, तीच बाईची सावली. पाठलागाच्या आशेने घेणाऱ्याला आत फायली, थकलेले कारकून आणि मोडलेले संसार मिळतात, तो चिडतो. ज्याला हेच आवडलं असतं तो पिस्तूल बघून पुढे जातो. मी स्वतः असाच कित्येक वर्षं पुढे गेलो. ल कारेचा नायक जॉर्ज स्माइली हा चष्मा पुसत बसणारा, बुटका, बायकोने सोडलेला माणूस आहे हे मला कुठल्याही मुखपृष्ठाने सांगितलं नाही.

थेट_मूळ

ज्यांना आवडतं ते इंग्रजीतूनच वाचतात. विषय संपला.

शब्दशः_नाही

नाही संपला. हेच वाचक स्वीडिश रहस्यकथा इंग्रजी अनुवादातून आवडीने वाचतात. म्हणजे त्यांना अनुवादाचं वावडं नाही, तो चांगला असल्याचा भरवसा हवाय. आमच्या पुनर्मुद्रणांवर कित्येकदा अनुवादकाचं नाव शोधावं लागतं. भरवसा ठेवायचा कोणावर?

काउंटरमागून

'एजंटने निरोप पाठवला' वाचून थांबलो. हे कधी लक्षात आलं नव्हतं. मुखपृष्ठाचंही खरं आहे, परत आलेली पुस्तकं मी हाताळलीत.

पण एक अडचण तुमच्यापैकी कोणी घेतली नाही. ल कारेची, कार्ला या रशियन हेरप्रमुखाभोवतीची त्रयी १९७४, १९७७ आणि १९७९ अशी आली. अशा मालिकेचा पहिला भाग अनुवादात काढायचा, सहा महिन्यांत खप बघायचा आणि पुढचे थांबवायचे, हे मी डोळ्यांसमोर होताना पाहिलंय. ज्यांनी पहिला घेतला ते दोन वर्षं येऊन दुसरा विचारत होते. आता ते कुठल्याच मालिकेचा पहिला भाग घेत नाहीत. तुमचा नवा अनुवाद कितीही चांगला असू दे, या लोकांना मी काय सांगू?

जुनी_फाईल

मालिका नसलेल्या कादंबरीपासून सुरुवात करा, असं सांगेन. अ‍ॅम्ब्लरचा तो मास्तर एका पुस्तकात सुरू होतो आणि त्यातच संपतो. शब्दशः_नाही, पहिलं प्रकरण कराल? चौकशीचा प्रसंग लगेच येतो. पोलीस त्याला कुठे 'तुम्ही' म्हणतो आणि कुठे 'तू', ते मला बघायचंय.

शब्दशः_नाही

करते. मला वाटतं, सुरुवातीला 'तुम्ही' आणि पासपोर्ट हातात घेतल्यावर 'तू'. पण पूर्ण प्रकरण वाचून मग ठरवीन.