व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जायचंय, प्लेसमेंटवाल्यांना पैसे भरू का?

मास्तरीणबाई:
नमस्कार. वय २७, वारज्यात राहते, पुणे विद्यापीठातून एम.ए. इंग्लिश, ४ वर्षं टिळक रोडच्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश घेते. निदान एक वर्ष तरी बाहेर जाऊन शिकवायचं फार मनात आहे. एका प्लेसमेंट प्रोग्रामवाल्यांनी १ लाख ७५ हजार सांगितलेत, त्यात १२० तासांचा टेफल (परभाषकांना इंग्रजी शिकवायचा कोर्स), व्हिएतनाममधली नोकरी, व्हिसा, पहिल्या महिन्याचं राहणं. माझं बजेट तिकीट धरून ८० हजार, वर एक रुपया नाही, बाबा रिटायर झालेत. बी.एड. नाही, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोणी असं गेलंय का?

कर्वेपुतळा:
सेल्टा कर, केंब्रिजचा इंग्रजी शिकवायचा कोर्स. डोळे झाकून सेल्टा. बायकोने केलं, ४ आठवडे रात्री दोन-दोनपर्यंत लेसन प्लॅन लिहीत बसायची, ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवून घेतात, मागे निरीक्षक बसलेला असतो. ऑनलाइन टेफल कोणीही विकतं. खर्च लाखाच्या बराच वर जातो पण आयुष्यभराचं काम आहे.

मुळाकाठ:
ताई, आधी थांब. २०१८ मध्ये माझे ९० हजार गेले, थायलंडसाठी. नाव लिहीत नाही. ऑफर लेटरवर शाळेचं नाव वर एका स्पेलिंगने आणि खाली सहीजवळ दुसऱ्याच, मी विचारलं तर म्हणाले थाई नावं अशीच असतात. पाठवलं टुरिस्ट व्हिसावर, "तिथे गेल्यावर बदलू". तिथे शिकवायला नॉन-बी म्हणजे कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं हे मला तिथल्या एका फिलिपिनो शिक्षिकेने सांगितलं. सात आठवडे वर्गात उभी राहिले, दारात कोणी अनोळखी दिसलं की पोटात गोळा यायचा. मुलं गोड होती गं, त्यांचंच वाईट वाटलं.

कर्वेपुतळा:
म्हणूनच म्हणतोय सेल्टा.

गणेशखिंड७:
सेल्टाला +१. आणि राग मानू नका पण मराठी माध्यमवाल्यांना उच्चारावरून अडवतात, माझा मुलगा पहिल्यापासून कॉन्व्हेंटला, त्याला कुठेच अडचण आली नाही.

पर्वतीपायथा:
बाई एम.ए. आहेत, ४ वर्षं शिकवतायत, माध्यम काय काढताय? मी नूमवित, मराठी माध्यमातच शिकलो आणि ११ वर्षं मस्कतला शाळेत इंग्रजीच शिकवलं. माध्यम नडतं ते जपानला, तिथल्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला शिकवायच्या भाषेतून १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं, म्हणून जपान सोडा.
आता कामाचं. परदेशी नोकरीला लावणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सची नोंदणी असावी लागते, १९८३ चा कायदा आहे. ई-मायग्रेट साइटवर नाव टाकून बघा. त्यांना सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी घेता येतं. १ लाख ७५ हजार कशाचे, लेखी मागा. टेफल वेगळा, फी वेगळी, पावती प्रत्येकाची.

खडकवासला_रविवार:
कोरियाला जा, पगार मस्त.

पर्वतीपायथा:
कोरियाचा इंग्रजी शिकवायचा व्हिसा मुळात ७ इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठी आहे. २०१० पासूनच्या सेपा या भारत-कोरिया व्यापार करारात आपल्याला सहायक शिक्षक म्हणून वाट आहे, पण शिक्षकाचा परवाना लागतो, बी.एड. नाही म्हटल्यावर जमणार नाही. आधी बी.एड. कराच, मग आखात.

खडकवासला_रविवार:
माझ्या मित्राचा भाऊ गेला होता. असो. व्हिएतनाममध्ये शाकाहाऱ्यांचे हाल होतात पण.

दानांगहून_परत:
मी २०१९ ला गेले होते, हाल नाही होत. दुकानावर "कॉम चाय" दिसलं की शाकाहारी भात, आपल्या पौर्णिमा-अमावास्येसारखं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण शाकाहारच करतात. खरी दगदग कागदांची. मूळ डिग्री खरी असल्याच्या शिक्क्यांसाठी आधी मुंबईला, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात, मला सव्वादोन महिने लागले. तेव्हा तिथे अपोस्टिल (वकिलातीत न जाता चालणारा एकच शिक्का) चालत नव्हतं. पण थेट तिथल्या इंग्रजीच्या क्लासला, म्हणजे सेंटरला अर्ज करू नका, भारतीय पासपोर्ट बघून उत्तरच देत नाहीत, मी एजंटमार्फतच गेले.

मुळाकाठ:
थेट नको. एजंट पण नको. इथेच शिकव.

कर्वेपुतळा:
सेल्टा केलं तर थेटही घेतात.

मास्तरीणबाई:
सगळ्यांचे आभार, रोज वाचत होते. ई-मायग्रेटवर त्या प्रोग्रामवाल्यांचं नाव सापडलं नाही. नोंदणीचा नंबर विचारला तर म्हणाले "आम्ही ट्रेनिंग देतो, भरती करत नाही", मग नोकरीचे पैसे कशाचे? सोडलं. सेल्टा परवडत नाही आणि बी.एड.ला दोन वर्षं थांबायचं नाहीये. मी थेटच २३ ठिकाणी मेल टाकले, ४ उत्तरं आली, हायफाँगच्या एका सेंटरने झूमवर डेमो घेतला. सहा वर्षांची ९ मुलं, मी कढई दाखवून "पॅन" म्हटलं तर सगळी ओरडली, एकीने स्वतःच्या घरातली कढई आणून कॅमेऱ्याला लावली. निवड झाली. वर्क परमिटच्या अर्जाचे कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढणार नाही, हे त्यांना लिहून कळवलंय. टेफल १४ हजारांचा ऑनलाइन करतेय. उद्या मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात पीसीसीची (पोलिसांच्या ना-गुन्हा दाखल्याची) अपॉइंटमेंट आहे.
एकच विचारायचं, डिग्री सर्टिफिकेट आईने जपून राहावं म्हणून लॅमिनेट केलंय, ते चालतं का?

दानांगहून_परत:
नाही चालत, मागच्या बाजूला शिक्के मारतात. घरी सोलायला जाऊ नका, शाई निघून येते. विद्यापीठात डुप्लिकेटचा अर्ज आजच टाका.

कर्वेपुतळा:
तरी सेल्टाचं बघून ठेव.